पॉज कुणी दाबायचा?

समुपदेशन शिकणाऱ्याला त्याच्याच बोलण्याचं रेकॉर्डिंग दाखवायचं, ही पद्धत जुनी आहे. पण वर्गात ती नेमकी कशी चालते, हे मराठीत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही. मी त्यातून गेले आहे, आणि आता नव्या मुलींबरोबर त्याच खोलीत बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा वर्ग भरायचा बेळगावात टिळकवाडीतल्या एका जुन्या घराच्या माडीवर. संस्था छोटी. मॅडम मूळच्या पुण्याकडच्या, पण लग्न होऊन इकडे आल्याला बरीच वर्षं झालेली, त्यामुळे आमचं बोलणं त्यांच्या कानाला सरावलेलं. शिकणारे आम्ही नाना तऱ्हेचे: खानापूर तालुक्यातल्या दोन आशा कार्यकर्त्या, निपाणीत व्यसनमुक्तीचं काम करणारा एक तरुण, मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, नुकत्याच एमएसडब्ल्यू झालेल्या मुली, आणि मी. मी वडगावची, विणकराच्या घरातली. शाळेत शिकवताना पालक येऊन बसायचे, मुलाच्या मार्कांवरून सुरू झालेलं बोलणं घरातल्या भांडणापर्यंत जायचं, आणि पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही. तिथनं ही वाट धरली.

सुरुवातीचे आठवडे फळा-वहीतच गेले. मन लावून ऐकणं म्हणजे काय, उघडा प्रश्न कुठला आणि बंद कुठला, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत कसं सांगायचं, सगळं लिहून घेतलं. परीक्षा घेतली असती तर सगळे पास झालो असतो. मग मॅडमनी दोन खुर्च्या मांडल्या, मोबाईल स्टँडवर लावला आणि म्हणाल्या, आता बोला.

त्याआधी त्यांनी नमुन्यादाखल परदेशी व्हिडिओ दाखवले होते. उबदार खोली, दोन आरामखुर्च्या, मधे टिपॉय, त्यावर रुमालाचा खोका. बाई न थांबता, नीट वाक्यं करून स्वतःच्या भावनांबद्दल बोलतेय आणि समोरचे गृहस्थ शांतपणे ऐकताहेत. बघायला चांगलं वाटलं. पण गुरुजींनी अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, हिच्या घरचं कोण बरोबर आलेलं नाही काय?" खोलीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच होतं. आमच्याकडे बाई एकटी येतच नाही. सासू येते, नाहीतर जाऊ, नाहीतर दारात चपला घालून उभा राहिलेला दीर. बोलणं सुरू होतं तेच मुळी "काही नाही हो, जरा डोकं दुखतंय" इथून. तरीही त्या व्हिडिओतून एक गोष्ट मिळाली. ऐकणारा माणूस किती कमी बोलतो, हे डोळ्यांनी दिसलं. वहीत लिहून ते कळलं नव्हतं.

मॅडमनी तेव्हाच या पद्धतीचा थोडा इतिहास सांगितला. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी अमेरिकेत ओहायोमध्ये १९४०च्या सुमाराला समुपदेशनाचं बोलणं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली. तबकडी काही मिनिटांत भरायची, की दुसरी लावायची. १९४२ मध्ये त्यांनी एका माणसाबरोबरची सगळी सत्रं शब्दन् शब्द छापली. तोवर बंद दाराआड काय होतं हे फक्त समुपदेशकाच्या आठवणीवरून कळायचं, आणि आठवण नेहमी आपल्या बाजूनं झुकते. पुढे १९६०च्या दशकात व्हिडिओ आला. कोलोरॅडोत अ‍ॅलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशनाचे बारीक बारीक तुकडे केले. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, पाच मिनिटं बोलायचं, रेकॉर्ड करायचं, बघायचं, लगेच पुन्हा करायचं. आम्ही केलं ते जवळपास याच धर्तीवर. तासाभराचं रेकॉर्डिंग करून बघण्यात काही अर्थ नसतो हे मी आता खात्रीनं सांगते. तास बघून झाल्यावर मनात उरतं ते फक्त "मी वाईट दिसते" किंवा "ठीक झालं". पाच मिनिटांत मात्र एकेक श्वास दिसतो.

मोबाईल लावणं हीच पहिली शिकवणी. दोघं समोरासमोर बसले तर एकाचा चेहरा दिसतो आणि दुसऱ्याचा आंबाडा. म्हणून खुर्च्या काटकोनात मांडायच्या आणि मोबाईल बाजूला, दोघांचे चेहरे आणि हात चौकटीत येतील एवढ्या अंतरावर ठेवायचा. हात यायलाच हवेत. खिडकी पाठीमागे नको, चेहरे काळे पडतात. पंखा बंद. आमचा पावसाळा माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की रेकॉर्डिंगमध्ये पावसाशिवाय काही ऐकू येत नाही. शेवटी शर्टाला किंवा पदराला लावायचा वायरचा छोटा माईक आणला आणि काम भागलं. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर नेमका मधे फोन येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो-व्हिडिओ आपोआप इंटरनेटवर चढवणारी सोय आधी बंद करायची. घरातल्या पोराच्या मोबाईलवर तेच खातं उघडलेलं असतं, हे लक्षात येत नाही.

पहिला मोठा रोल प्ले (दिलेली भूमिका करत बोलायचा सराव) माझ्या वाट्याला आला तो समोरच्या बाईचा, म्हणजे मदत मागायला आलेल्या बाईचा. मॅडमनी चिठ्ठी दिली. विणकराची बायको, माग बंद पडलेत, नवऱ्याला झोप नाही. चिठ्ठीत खाली एक ओळ वेगळी लिहिलेली होती: नवरा दोनदा म्हणाला आहे की मी नसलो तर तुमचं तरी भागेल, हे आपणहून सांगायचं नाही, समोरच्यानं जागा दिली तरच सांगायचं. ती बाई करायला मला वेगळा अभिनय करावा लागला नाही. २०२०च्या लॉकडाऊननंतर आमच्या गल्लीत मागांचा आवाज थांबला होता, आणि त्या शांततेत घराघरात काय काय झालं ते मी बघितलेलं आहे.

समुपदेशक झाली होती खानापूरकडची आशा कार्यकर्ती. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. गावात घरोघरी फिरणारी, बाळंतिणींना धीर देणारी, माणसांत मुरलेली बाई. मांडीवर अर्ज, हातात पेन.

मी म्हटलं, "त्येंचं काय की हो. जेवण न्हाई नीट. रात्रीचं उठून मागाजवळ जाऊन बसालेत."

"बंद मागाजवळ?"

"व्हय. लाईट लावत न्हाईत, काय न्हाई. नुसतं बसालेत."

"कर्ज किती हाय?"

"बँकेचं तसं कमीच हाय की."

वहिनींनी "बँकेचं" ऐकलं आणि आकडा लिहायला खाली बघितलं. मग विचारलं, "किती, दोन लाख?" मी "व्हय, तेवढंच" म्हटलं. पुढची तीन मिनिटं सरकारी योजना, कर्जाची मुदत, रेशन कार्ड. सगळं बरोबर, सगळं उपयोगाचं. खाली बसलेल्यांना तो रोल प्ले चांगला झाला असंच वाटलं.

व्हिडिओ लावल्यावर मॅडमनी रिमोट वहिनींच्या हातात दिला. आमच्याकडचा नियम हाच की रेकॉर्डिंग ज्याचं, पॉज त्यानंच दाबायचा. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. वहिनींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुठंच थांबवलं नाही. दुसऱ्यांदा "बँकेचं तसं कमीच हाय की" इथं थांबवलं. पडद्यावर माझी उजव्या हाताची बोटं दिसत होती. सुरुवातीपासून मी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. त्या वाक्यावर बोटं थांबली. मी वर बघितलं, तोंड थोडं उघडलं. आणि त्या क्षणाला चौकटीच्या डाव्या बाजूला वहिनींचा भांग दिसत होता, कारण त्या कागदावर वाकल्या होत्या.

मॅडमनी वहिनींना चूक-बरोबर काही सांगितलं नाही. "तेव्हा मनात काय चाललं होतं?" एवढंच विचारलं. वहिनी जरा थांबून म्हणाल्या, "खरं सांगू काय? मी घाबरलो होतो. ही रडायला लागली तर मी काय करू? म्हणून आकडा लिहालो होतो."

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. मी आठवून सांगितलं, की त्या वाकल्या तेव्हा मी मनात ठरवलं, आता नको. खाजगी सावकाराचं कर्ज, नवऱ्याचं ते वाक्य, दोन्ही माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. समोरचे डोळे गेले आणि ते परत आत गेलं. यात राग नव्हता. बाईंना कामाचं बोलायचं आहे, तर आपण कामाचंच बोलावं, असं वाटलं.

हे परत बघताना आठवणं, हाच या पद्धतीचा गाभा आहे. मिशिगनमधले नॉर्मन केगन यांच्या हे लक्षात आलं ते योगायोगानं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विद्यापीठात आलेल्या पाहुण्या व्याख्यात्यांना त्यांच्याच भाषणाचं रेकॉर्डिंग दाखवलं, तर ती माणसं मधेच बोलायला लागायची: इथं मला वाटलं की श्रोते कंटाळले, इथं मी सांगणार होतो ते गिळलं. व्हिडिओ बघितला की त्या क्षणीची मनाची अवस्थाही परत जागी होते, एरवी जी पुसून गेलेली असते. केगन यांनी त्यावरून शिकवण्याची एक रीतच बसवली. शेजारी बसणाऱ्यानं शिक्षकी करायची नाही, फक्त विचारायचं. अंगात कुठं काय जाणवलं? काय म्हणावंसं वाटलं आणि म्हटलं नाही? समोरची तुमच्याबद्दल काय विचार करत असेल असं वाटलं? कशाची भीती होती? रोल प्लेतल्या दोघांनीही एकत्र बसून बघायचं, हाही त्याच रीतीचा भाग.

मी आजवर शिक्षक म्हणून जे शिकले त्याच्या हे उलट होतं. आपल्याला चूक दिसली की लगेच लाल शाई लागते. वहिनींना जर कुणी "तुम्ही खाली बघितलंत, नजर ठेवायला हवी होती" असं सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी त्यांनी डोळे ताणून बघितलं असतं, आणि भीती होती तिथंच राहिली असती. भीती स्वतःच्या तोंडून बाहेर आली, म्हणून तिच्यावर काम करता आलं.

लगेच दुसरा व्हिडिओ केला. अर्ज पिशवीत. वहिनींचे हात मांडीवर मोकळे. मी तेच वाक्य म्हटलं. त्या बोलल्या नाहीत. खोलीत तेवढा वेळ फार लांब वाटला. व्हिडिओत बघितलं तर तो दोन श्वासांचा होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "बँकेचं कमी. मग बाकीचं?" आणि मी बोलायला लागले. नवऱ्याच्या वाक्यापाशी आल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता विचारलं, "जीव द्यायचं बोलून दाखवलेत काय त्येंनी?" मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी पुढचं विचारलं: कधी म्हणाले, काही ठरवलंय असं वाटतं काय, रात्री घरात कोण जागं असतं, आणि उद्या त्यांना घेऊन येता येईल काय. आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. तसं होत नाही. उलट विचारल्यानं माणूस सुटल्यासारखा बोलतो. हे वाक्य आम्ही वहीत लिहिलं होतंच. पण समोरच्या खुर्चीत बसून तो प्रश्न स्वतःला विचारला जाताना काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. छातीवरचं काहीतरी उतरलं.

त्यानंतर मॅडमनी मला उठवलं, दुसऱ्या खुर्चीत बसवलं, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला लावलं, आज घरी काय भाजी केली ते विचारलं. मला ते तेव्हा अनावश्यक वाटलं. पण रात्री घरी गेल्यावर ती विणकराची बायको माझ्या अंगात थोडी शिल्लक होतीच. भूमिकेतून नीट बाहेर काढणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि घाईत तो हमखास गळतो. विशेषतः जो स्वतः त्या दुःखाजवळून गेलेला आहे, त्याला ती भूमिका द्यायची की नाही, हे आधी त्याला विचारून ठरवावं. मी आता तसं विचारते.

ऑडिओ पुरत नाही का, असं बरेच जण विचारतात. कामापुरता पुरतो. निपाणीच्या तरुणाला ऑडिओच जास्त उपयोगी पडला. त्याच्याकडे येणारे दारू-तंबाखूवाले, आणि त्याची सवय समजावण्याची. "दादा, लिव्हर खराब होईल, पोरांचा विचार करा." दारू सोडण्याच्या समुपदेशनात विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवलेली एक रीत आहे, तिच्यात हा समजावण्याचा मोह आवरायला शिकवतात. सोडायची कारणं समुपदेशकानं मोजून दाखवायची नसतात. ती पिणाऱ्याच्या तोंडून यावी लागतात. त्यासाठी प्रश्न कमी करून, ऐकलेलं परत सांगणं वाढवायचं. प्रत्येक प्रश्नामागे अशी दोन वाक्यं झाली तर चांगलं मानतात. त्या पोरानं वहीत दोन रकाने पाडले, हेडफोन लावून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकत उभ्या रेघा ओढल्या. प्रश्नांचा रकाना भरून पान उलटायची वेळ आली, दुसऱ्यात दोन-चार रेघा. त्याला कुणी काही म्हणायची गरजच उरली नाही. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "आता बोलताना माझ्याच डोक्यात रेघा दिसालेत."

पण गुरुजींचा व्हिडिओ आठवला की मी व्हिडिओच्याच बाजूनं बोलते. त्यांच्या समोर बसलेल्या मुलीच्या चिठ्ठीत होतं की बाई सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आली आहे. तिनं म्हटलं, "तिथं जाऊन आल्यावर जरा बरं वाटलं." गुरुजी एक अक्षर बोलले नाहीत. ऑडिओत तिथं काहीच सापडलं नसतं. व्हिडिओत त्यांच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या, अगदी जरा, आणि लगेच मुलीनं विषय बदलून गोळ्यांबद्दल बोलायला सुरुवात केली. गुरुजींनी स्वतःच पॉज दाबला. सगळी हयात त्यांनी अंधश्रद्धेविरुद्ध मुलांशी बोलण्यात घालवली आहे, आणि ते खरंही आहे, मोलाचंही आहे. त्यांना आपला चेहरा बोलतो हेच माहीत नव्हतं. पुन्हा केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "बरं वाटलं म्हणजे काय झालं तिथं?" ती मुलगी म्हणाली, "घरात रडता येत नाही, तिथं रडले." एका प्रश्नावर सगळं प्रकरण उघडलं.

मोजमापाचं थोडं सांगते. नेपाळमधल्या कामातून ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक गुणपद्धती मांडली, एनॅक्ट नावाची. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या इक्विप या मोफत उपक्रमात ती घेतली गेली. रोल प्ले बघून प्रत्येक कौशल्याला चारपैकी एक पायरी द्यायची. मला तिच्यातली सगळ्यात खालची पायरी महत्त्वाची वाटते, कारण ती नुसती "येत नाही" अशी नाही. समोरच्याला इजा होईल असं वागणं तिथं नोंदतात. हिणवणं, त्रास कमी लेखणं, गुप्तता मोडणं. "तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढणाऱ्या बायका बघ" हे वाक्य आपण धीर द्यायला म्हणतो. ते ऐकून समोरची बाई व्हिडिओत कशी मिटते, हे एकदा बघितलं की पुन्हा ते तोंडात येत नाही. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगाथ या संस्थेनं तर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना नैराश्यावरचं समुपदेशन शिकवलं, आणि त्यांनी आपापल्या सत्रांची ध्वनिमुद्रणं गटात बसून ऐकावीत, एकमेकांना गुण द्यावेत, अशी घडी बसवली. ज्यांच्याजवळ तज्ज्ञ नाहीत अशा आमच्यासारख्या तालुक्यांना यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आता खऱ्या माणसांच्या रेकॉर्डिंगबद्दल, कारण इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा आहे. त्याच्या २३व्या कलमानं उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. पण कायद्याच्या आधी आमचं गावच समजून घ्यायला हवं. खानापूरच्या बस स्टँडवर दोन वाक्यं बोललं तरी ही कुणाची सून, माहेर कुठलं, हे ओळखणारं माणूस निघतं. चेहरा धूसर केला, नाव काढलं, तरी आवाज राहतो, बोलण्याची लकब राहते. "शिकवण्यासाठीच तर आहे" म्हणून व्हॉट्सॲपवर एकदा गेलेली क्लिप परत घेता येत नाही. म्हणून आमच्याकडे खऱ्या व्यक्तीचा व्हिडिओ करतच नाही. केलंच तर फक्त ऑडिओ, वेगळ्या रेकॉर्डरवर, ऐकणारे त्या तालुक्यातले नसतील असं बघून, आणि चर्चा झाली की दोघांसमोर पुसून. अठरा वर्षांखालच्या कुणाचंही नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, आणि ते मुलाला बोलणं सुरू होण्याआधीच सांगावं लागतं.

संमतीचा कागद सही करून घेणं सोपं आहे. माझा त्यावर विश्वास नाही. "ताई, तुम्ही म्हणताय तर करा की" ही आमच्याकडची सगळ्यात नेहमीची सही. तिच्यामागे भिडस्तपणा असतो, कधी कधी भीती असते, की नाही म्हटलं तर गोळ्या मिळणार नाहीत, पुढच्या वेळी बसवून घेणार नाहीत. म्हणून आम्ही दोनदा विचारतो. बोलणं सुरू होण्याआधी एकदा, आणि संपल्यावर पुन्हा. काय बोललो हे त्या बाईला आता माहीत असतं, तेव्हा तिचं हो किंवा नाही खरं असतं. दुसऱ्या वेळी नाही म्हणणाऱ्या बऱ्याच असतात. तिथल्या तिथं पुसून टाकतो, तिला बटण दाबू देतो. एक बाई मला म्हणाली, "माझं ऐकून दुसऱ्या कुणाचं बरं होणार असलं तर ठेवा, पण गावात नको." तिचं आम्ही बेळगावाबाहेरच्या सुपरव्हायजर बाईंनाच ऐकवलं.

खरी रेकॉर्डिंग वापरता येत नाहीत आणि परदेशी आपल्या उपयोगाची नाहीत, म्हणून आम्ही आपलेच नमुन्याचे व्हिडिओ बनवायला घेतले. संहिता गुरुजी आणि मी लिहितो. बोलणं बेळगावचं, मधे मधे कन्नडकडे वळणारं, कारण येणारी माणसं तशीच बोलतात. "एन इल्लरी" (काही नाही हो) म्हणून सुरू केलेली बाई पुढचं सगळं मराठीत सांगते, तर ते तसंच येऊ दे. सासूला चौकटीतच बसवतो. तिला बाहेर कसं पाठवायचं हे शिकण्यापेक्षा, तिचा मान ठेवून तिच्याशी दोन वाक्यं आधी कशी बोलायची आणि मग "मावशी, आता पाच मिनिटं सुनेशी बोलतो, तुम्ही जरा चहा घ्या" कसं म्हणायचं, हे जास्त कामाचं आहे. एकच प्रसंग दोनदा करतो. पण दुसरा व्हिडिओ आम्ही अगदी निर्दोष करत नाही, हे ठरवून. समुपदेशक त्यातही कुठं अडखळतो, चुकीचा प्रश्न विचारतो, समोरचा चेहरा बघून स्वतःला सावरतो. निर्दोष व्हिडिओ बघून नवखा माणूस खचतो, आणि सावरलेला बघून त्याला वाटतं, हे मला जमेल. हे माझं मत आहे, मॅडमना ते पूर्ण पटत नाही. त्या म्हणतात, उत्तम कसं असतं तेही दिसलं पाहिजे. आम्ही सध्या दोन्ही दाखवतो.

पुढचा व्हिडिओ निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बायकांचा आहे. हात सतत चालू असताना बोलणाऱ्या बाईचं ऐकायचं कसं, हा त्याचा विषय. काम थांबवून बोला म्हटलं तर तिची मजुरी बुडते.

आणि एक वाद चालू आहे तो लिहून ठेवते. आर्थिक मदत देणाऱ्यांकडून आता मागणी आली आहे की, रोल प्लेचे गुण दाखवा, कुठल्या समुपदेशकाला किती मिळाले ते कळू द्या, जमलं तर व्हिडिओही जोडा. त्यांचा हेतू वाईट नाही. पैसे कुठं जातात हे विचारायचा त्यांना हक्क आहे. गटाचे एकत्र गुण द्यायला माझी हरकत नाही. पण वहिनींनी "मी घाबरलो होतो" हे ज्या खोलीत म्हटलं, तिथं त्यांच्या नेमणुकीची फाईल उघडी असती तर त्यांनी ते म्हटलं असतं काय? अशानं लोक आपला सगळ्यात चांगला व्हिडिओ घेऊन येतील, अडलेला घरीच ठेवतील, आणि शिकायचं असतं ते अडलेल्यातच. म्हणून येत्या बैठकीत आम्ही हे लेखी नियमात घालून घ्यायचं ठरवलंय: शिकण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग शिकणाऱ्याच्या मालकीचं, ते कुणाच्या नेमणुकीला, बढतीला किंवा अहवालाला लागणार नाही. मसुदा वहिनींनीच लिहायला घेतला आहे.